माळ आणि जबाब

या लेखात मुलीचं नाव नाही, गावाचंही नाही. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात त्यात, २३ वं कलम आहे. पीडित मुलीची ओळख पटेल असं काहीही छापायला ते मनाई करतं. ते कलम नसतं तरी मी नाव छापलं नसतं. ती सातारा जिल्ह्यातली आहे, माउलींच्या पालखीच्या वाटेपासून फार लांब नसलेल्या गावातली. वडील दुधाची गाडी चालवतात, आजी वारकरी, मावशी आशा सेविका. ती स्वतः आता बारावीला आहे. एवढं लिहायला तिची हरकत नाही, आणि आमचं जे काही बोलणं झालं ते मावशी शेजारी बसलेली असताना झालं.

मुलगा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तालुक्याला क्लासला जाताना एसटी स्टँडवर ओळख झाली. सुरुवातीचे महिने ‘एकदम भारी’ होते, असं ती आजही म्हणते, आणि ते तिने लपवू नये असं मलाही वाटतं. जेवलीस का, पेपर कसा गेला, डोकं दुखतंय का, हे तिला घरात फारसं कुणी विचारत नव्हतं. तो विचारायचा. मग हे विचारणं वाढत गेलं. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, लाइव्ह लोकेशन पाठव. ‘आपल्यात काय लपवायचं’ म्हणून त्याने इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागितला आणि तिने आनंदाने दिला. त्याने तिच्या अकाउंटवरून आधी वर्गातली मुलं काढून टाकली, नंतर मैत्रिणी. रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल करून तो तिला फोन खोलीभर फिरवायला लावायचा, दुसरं कुणी नाही ना ते बघायला. पहिली थप्पड स्टँडमागच्या रसवंतीपाशी बसली. तासाभराने तोच रडत होता, पाया पडत होता, आणि रात्री मनगटावर ब्लेड ओढल्याचा फोटो आला.

“तो मला सोडून जाईल, ही भीती नव्हतीच,” ती म्हणाली. “माझ्यामुळे तो मरेल, ही भीती होती. म्हणजे मी खुनी.”

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिनोर वॉकर यांनी १९७९ च्या पुस्तकात हेच चक्र मांडलं होतं: ताण साठत जातो, मग मारहाण, मग माफी आणि लाड, आणि पुन्हा ताण. त्यांनी ते जोडीदाराचा मार खाणाऱ्या बायकांशी बोलून मांडलं. मावशीने हे नाव कधी ऐकलेलं नाही, पण वस्तीतल्या कुठल्या घरात कुठल्या दिवशी साडी येते आणि ती कशामुळे येते, हे तिला घरभेटींतून पाठ आहे. तिचा एकच प्रश्न होता: “हे लग्नाआधीच, शाळेतल्या पोरींनापण?” होय. जागतिक आरोग्य संघटनेचं जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं विश्लेषण सांगतं की नवरा किंवा जोडीदार असलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी २४ टक्के मुलींनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. चौघींतली जवळजवळ एक.

आपल्याकडे कोयता निघाला की बातमी होते. पुण्यात सदाशिव पेठेत २७ जून २०२३ ला भर रस्त्यात एका विद्यार्थिनीच्या मागे कोयता घेऊन धावणाऱ्या तरुणाला स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी अडवलं, तेव्हा महाराष्ट्र हादरला. वसईच्या श्रद्धा वालकरने तर नोव्हेंबर २०२० मध्येच तुळिंज पोलिसांना लिहून दिलं होतं की जोडीदार मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो. नंतर तक्रार मागे घेतली गेली आणि २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. कोयता निघण्याआधी पासवर्ड, लोकेशन, ब्लेडचा फोटो असं बरंच काही घडून गेलेलं असतं. त्याबद्दल घरात बोलायची सोय नसते, कारण मुळात ते नातंच घरात सांगितलेलं नसतं.

कायद्याचीही इथे अडचण आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लग्नाशिवायच्या नात्यालाही लागू होतो, पण ते लग्नासारखं असावं लागतं, एका घरात राहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या अटी स्पष्ट केल्या. स्टँडवर भेटणारी सोळा वर्षांची मुलगी त्यात बसत नाही. तिच्यासाठी पॉक्सो आहे, आणि तो कडक आहे. त्यात अठराच्या आतल्या मुलीची संमती धरलीच जात नाही, आणि ज्याला गुन्हा कळला त्याने तो पोलिसांना कळवायचा, डॉक्टर असो की शिक्षिका. हेतू चांगला आहे. पण मुलींनाही हे ठाऊक असतं, आणि म्हणून कित्येक जणी समुपदेशकापाशीही तोंड उघडत नाहीत. या मुलीनेही कितीतरी महिने उघडलं नव्हतं.

शेवटी फोटो पसरवण्याची धमकी आली आणि तिने मावशीला सांगितलं. त्याआधी आईला कळलं होतं. आईने फोन काढून घेतला, दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं ते एवढंच: किती जणांना माहीत आहे? मी आईला यासाठी दोष देत नाही. गावात राहणाऱ्या बाईच्या डोक्यात पहिला हिशोब तोच येतो. पण मुलीला तो प्रश्न थपडेपेक्षा जास्त लागला, हेही खरं.

मावशी तिला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी, पोलिसांत बसणाऱ्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात गेली. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर असा पहिला कक्ष सुरू केला आणि नंतर तो राज्यभर गेला. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या असतात. तिथून पुढे गुन्हा नोंदवला गेला. जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक घरी आल्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. कायद्यातच तसं आहे: मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात यायचं नाही. मुलीने दोनशे पानी वहीत आधीच सगळं लिहून ठेवलं होतं. तारखा, मेसेज, कुठे मारलं, काय बोलला. मॅडमनी वही हातात घेतली आणि म्हणाल्या, तुला दमायला झालं तर थांबू. ती थांबली नाही.

पोलीस, कोर्ट, वकील हे सुरू झालं म्हणजे मुलगी बरी झाली, असं घरच्यांना वाटलं. झालं उलटंच. ती दिवसातून तीन-तीनदा अंघोळ करायला लागली. झोप गेली. संध्याकाळी आजी हरिपाठाला बसली की ही उठून परड्यात जायची. देवघरात दिवा लावायचं तिचं लहानपणापासूनचं काम तिने सोडलं, का ते सांगितलं नाही. खूप नंतर आजीला म्हणाली, “मी बाटले, आज्जी. माझ्या हातचा दिवा नको.”

धर्म आधी तिच्याकडे आला तो वाईट रूपात. एका नातेवाइकाने ‘बाहेरचं काहीतरी असेल’ म्हणून भगताकडे न्यायचं काढलं. मावशीने तिथल्या तिथे सांगितलं की असं काही केलंत तर मी जादूटोण्याच्या कायद्याखाली तक्रार देईन. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी तो कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं-छळणं त्यात गुन्हा आहे. मग एक बुवा आले. ते भले गृहस्थ आहेत, त्यांच्या मनात वाईट नव्हतं. म्हणाले, पोरीच्या गळ्यात माळ घालून टाका, वळणावर येईल. आजी आयुष्यात पहिल्यांदा बुवांना उलट बोलली.

“माळ म्हंजी काय बेडी हाय व्हय? शिक्षा म्हणून कोन माळ घालतं? तिला वाटंल तवा घालंल, न्हाईतर न्हाई घालणार.”

मला या सगळ्या हकिकतीत आजीचं हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कितीतरी महिने त्या मुलीच्या शरीराबद्दल, फोनबद्दल, वेळेबद्दल दुसराच कुणीतरी ठरवत होता. तिच्या वतीने तिची भक्तीसुद्धा कुणी ठरवू नये, हे निरक्षर आजीला कुणी शिकवलं नव्हतं. बुवांना ते समजलं नाही, आजीला समजलं.

आषाढी वारीला आजी दरवर्षीप्रमाणे आळंदीहून निघाली. ही मावशीबरोबर लोणंदला दिंडीत सामील झाली, तीही आजीच्या औषधांच्या पिशवीचं निमित्त करून. देवाला भेटायचं असं काही मनात नव्हतं. गावातून बाहेर पडायचं होतं. पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंदला मुक्काम होतो, मग तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. त्या गर्दीत ही एका कडेला अंग चोरून उभी होती. शेजारच्या दिंडीतला एक म्हातारा पुढे आला, वाकला, तिच्या पायाला हात लावला आणि पुढे गेला. मग एक बाई. मग कॉलेजातली दोन पोरं, तिच्याच वयाची. वारीत हे रोज होतं, वारकऱ्यांना त्यात नवल नाही. लहानमोठं बघत नाहीत, जात विचारत नाहीत, समोरच्यात देव आहे असं मानून वाकतात. तिला नवल वाटलं ते त्या पोरांचं. ती पोरं वाकली आणि निघून गेली. बदल्यात त्यांना काही नको होतं.

दिंडीतल्या बायका पहाटे काकडा आटोपून चालायला लागतात. काहींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतं. पायाला फोड येतात. मुक्कामाला सोलापूरकडची एक साठीची शेतमजूर बाई सुईदोरा घेऊन बसायची आणि ज्याचे त्याचे फोड नीट करून द्यायची. सुई दिव्यावर धरायची, फोडातून दोरा ओवायचा, पाणी निघून जाऊ द्यायचं, वर हळद. मुलीचा नंबर आला तेव्हा बाईने पायाकडे हात नेला आणि मध्येच थांबली. “लावू का गं हात?” मुलगी सांगते की तिला तिथेच रडू फुटलं आणि बाईला वाटलं फोड दुखतोय.

याच बाईने फलटणच्या मुक्कामानंतर तिला तुळस डोक्यावर घ्यायला सांगितली. ती म्हणाली, मी नको. बाईला वाटलं मासिक पाळी असेल. “मग काय झालं? चालतंय.” ती म्हणाली, ते नाही. आणि का कोण जाणे, जे आईला सांगता आलं नव्हतं ते तिने या अनोळखी बाईला दोन-चार वाक्यांत सांगून टाकलं. बाई हळहळली नाही. तिने सोयराबाईंची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याच्या चोखोबांची बायको, चौदाव्या शतकातली, जिला देवळाची पायरी चढू दिली नाही. सोयराबाईंनी विटाळावर अभंग केला. त्यातला युक्तिवाद बिनतोड आहे: देह जर विटाळातूनच जन्माला येतो, तर विटाळ नसलेला देह दाखवा. सोवळं म्हणवणाऱ्यांचाही देह तसाच झालेला आहे. मग बाटलेला कोण आणि चोख कोण? गोष्ट सांगणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. सोयराबाई तिच्या तोंडपाठ होत्या. दुसऱ्या दिवशी मुलीने तुळस डोक्यावर घेतली.

वाचकांपैकी कुणी म्हणेल की हे समुपदेशकही सांगू शकला असता. सांगितलंच होतं. विशेष कक्षातल्या ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की यात तुझी चूक नाही. मुलीने मान डोलावली होती आणि घरी येऊन पुन्हा अंघोळ केली होती. तिची लाज ज्या भाषेत तयार झाली होती, त्याच भाषेत तिला उत्तर मिळायला हवं होतं. बाटणं, सोवळं, पाप हे शब्द तिच्या मनात देवघरातून आले होते. त्यांचा निकाल लागायचा तर तिथेच लागणार होता, आणि तो लावायला सातशे वर्षांपूर्वीची एक महार बाई उभी होती. माझं या लेखापुरतं म्हणणं एवढंच आहे की श्रद्धा तिच्या उपयोगी पडली ती क्षमा किंवा सहनशीलता शिकवून नाही. ती निर्दोष आहे, हे तिला पटेल अशा रीतीने श्रद्धेने सांगितलं आणि मग तिला माणसांत आणून बसवलं.

उलटही होऊ शकलं असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटात श्रद्धेकडे वळणाऱ्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. देव माझ्या सोबत आहे, माझी माणसं सोबत आहेत, असं धरून चालणारे सावरतात. देव मला शिक्षा करतोय, त्याने मला टाकलं, असं मानणाऱ्यांची तब्येत आणखी बिघडते. म्हणजे नुसती श्रद्धा आहे की नाही, एवढ्यावर काही ठरत नाही. वारीतच एका रात्री तिने असं कीर्तन ऐकलं, ज्यात बुवांनी पाऊण तास मुलींच्या मोबाईलवर आणि जीन्सवर घालवला आणि लोक हसले. ती उठून तंबूत जाऊन झोपली. अशी कीर्तनं वाढली आहेत, त्यांचे तुकडे मोबाईलवर फिरतात, आणि त्याने किती पोरी गप्प होतात याचा विचार फडावरच्या मोठ्या मंडळींनी करायला हवा.

बहिणाबाईंच्या गोष्टीचंही कीर्तनात असंच होतं. संत बहिणाबाई, १६२८ ला वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या. अगदी लहानपणी तिशीच्या बिजवराशी लग्न. कोल्हापुरात असताना कथाकीर्तनाची ओढ लागली, ब्राह्मणाच्या मुलीने शूद्र तुकोबांना गुरू मानलं, आणि नवऱ्याने मारलं, बांधून मारलं. हे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांनीच आत्मचरित्राच्या अभंगांत सांगून ठेवलंय म्हणून. त्या तेव्हा किशोरवयातल्या होत्या. कीर्तनात बहुतेकदा पुढचा भाग रंगवला जातो: नवरा आजारी पडला, त्याला पश्चात्ताप झाला, दोघं देहूला गेली. मग तात्पर्य निघतं की बाईने सोसावं, नवरा सुधारतो. आजीनेही ती गोष्ट तशीच सांगितली होती. मुलीने विचारलं, “त्यांना जायला दुसरं घर होतं का, आज्जी?” आजीने विचार केला आणि नाही म्हणाली. सतराव्या शतकात सोडून जायची सोय नव्हती, म्हणून राहणं हे त्यांच्या भक्तीचं फळ ठरत नाही. त्यांची थोरवी मला दुसरीकडे दिसते. नवऱ्याने मारलं हे त्यांनी लपवलं नाही, देवाच्या साक्षीने सांगून ठेवलं. मुलगी म्हणाली, माझ्या वहीसारखंच. मी ते खोडणार नाही, ते तिला म्हणायचा अधिकार आहे.

संत कान्होपात्रेची कथा मात्र तिला आवडत नाही. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं आणि कान्होपात्रेने विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला. पंढरपूरच्या देवळातलं तरटीचं झाड तिच्या समाधीची जागा म्हणून दाखवतात. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडल्यावर आजीने तिला ते दाखवलं. “ती का मेली? त्याने मरायला पाहिजे होतं,” असं ती मोठ्याने म्हणाली आणि आसपासचे लोक बघायला लागले. मला तिचा राग योग्य वाटतो.

माणूस देवासमोर वाकतो तेव्हा त्याचा गैरफायदा घेणारे असतात, हेही तिच्या वयाच्या पोरींना सांगायला हवं. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली ती सोळा वर्षांच्या मुलीवरच्या बलात्कारासाठी, आणि तिचं घर त्याच्या भक्तांचं होतं. आई-वडिलांनीच विश्वासाने नेलं होतं. मावशीचा नियम त्यामुळे साधा आहे: एकट्या पोरीला ‘आशीर्वादाला’ बोलावणारा कुणीही असो, जायचं नाही. दिंडीत ती आजीच्या आणि बायकांच्या तंबूत झोपायची, आणि कुणा महाराजांचं वेगळं दर्शन वगैरे भानगड नव्हती.

वारीनंतर सगळं बरं झालं, असं लिहिलं तर खोटं होईल. ऑगस्टमध्ये त्याच्या मित्राने दुसऱ्या नंबरवरून मेसेज केला आणि पुन्हा झोप गेली. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात ती जायला लागली, अजून जाते. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या पुस्तकात आघातातून सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सुरक्षितता, मग जे झालं ते आठवून त्याचा शोक, आणि मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. डॉक्टरांनी तिला त्या समजावल्या तेव्हा ती म्हणाली, माझी तिसरी आधी झाली. डॉक्टर म्हणाले, चालेल. त्यांनी तिचं वारीला जाणं थांबवलं नाही आणि आजीने गोळ्या थांबवल्या नाहीत. माझ्या मते या दोघांच्या या समजुतीने तिला जेवढा आधार दिला, तेवढा एकट्या कुणीच दिला नसता.

क्षमेचा विषय निघतोच. मुलाच्या घरच्यांनी मध्यस्थ पाठवला, वारकरी मंडळींपैकीच एक. संतांनी शत्रूवरही दया करायला सांगितली आहे, पोराचं आयुष्य बरबाद होईल, केस मागे घ्या. आजी गोंधळली, हे तिने कबूल केलं. आयुष्यभर तिने तेच ऐकलं होतं. मुलीने मध्यस्थाला सांगितलं की त्याचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, पण जबाब खरा आहे आणि तो मी बदलणार नाही. मग म्हणे त्या माणसाने तिला नमस्कार केला आणि गेला. पुढे कुणी आलं नाही.

कार्तिकीला तिने माळ घातली, स्वतःहून. मासे तिला फार आवडायचे. ते सोडणं जड गेलं, असं ती हसत सांगते. देवघरातला दिवा पुन्हा तीच लावते. इन्स्टाग्राम पुन्हा उघडलंय, पासवर्ड कुणालाही दिलेला नाही, मावशीलाही नाही. गावातल्या बालसंस्कार शिबिरात तिला मुलींना हरिपाठ शिकवायला बोलावलं होतं. हरिपाठ झाल्यावर तिने फळ्यावर १०९८ आणि १९३० हे आकडे लिहिले. पहिला मुलांच्या मदतीचा, दुसरा सायबर गुन्ह्यांचा. शिबिर घेणाऱ्या गुरुजींनी आधी भुवया उंचावल्या आणि मग मुलींना ते वहीत उतरवून घ्यायला सांगितले.

पॉक्सोचा खटला शक्यतो वर्षात संपवावा, असं कायदा म्हणतो. हा अजून सुरू आहे. तिची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. सुनावणी बंद दाराआड होते, आरोपी तिला समोर दिसू नये अशी व्यवस्था करायची असते, आणि तिचा विश्वास असलेलं एक माणूस सोबत बसू शकतं. तिने आजीचं नाव दिलं आहे. त्या दिवशी नेमकी एकादशी आली आहे. आजीचं म्हणणं, दोघींनी निर्जळी करायची. मुलीचं म्हणणं, कोर्टात दुपारपर्यंत ताटकळत बसावं लागतं, तू गोळ्या घेतेस, आपण साबुदाण्याची खिचडी खाऊन जायचं. यावर दोघींचं अजून ठरलेलं नाही.